आतून लावायची कडी

पुण्याला जाऊन आले म्हटलं की आमच्या बार्शीत पहिला प्रश्न येतो, काय आणलंस? बाकरवडी हे त्याचं अपेक्षित उत्तर. मी बाकरवडी आणली नाही. मी गेले होते सिंधूमावशींना आणायला, आणि त्याही आल्या नाहीत. आश्रमातल्या सगळ्याजणींनी एकेकटीनं येऊन मला विचारून झालंय आणि प्रत्येकीला मी काहीतरी वेगळंच सांगितलंय. तेव्हा खरं काय झालं ते आता लिहूनच टाकते.

मी बार्शीत चौदा वर्षं एक लहानसा वृद्धाश्रम चालवते. बावीस खाटा, सगळ्या बायका. सिंधूमावशी सात नंबरच्या खाटेवर अकरा वर्षं होत्या. त्यांची गावात पिठाची गिरणी होती, नवऱ्यामागे एकटीनं चालवलेली. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. तिच्या जागी मी मावशींना मनातल्या मनात बसवून टाकलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं. मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर त्या म्हणाल्या, "पुण्यात भाची हाय. तिच्या घराजवळ एक आश्रम हाय म्हणं, तिकडं जाते." आणि गेल्या. त्यानंतर वर्षभर मी सात नंबरच्या खाटेवरची चादर दर आठवड्याला बदलत राहिले. यादीत नावं होती, लोकांचे फोन येत होते, पण ती खाट मी कुणाला दिली नाही.

आता तपासणीचं. आमच्या वृद्धाश्रमांचा एक संघ आहे. एका जिल्ह्यातल्या आश्रमवाल्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातले आश्रम तपासायचे, असा त्याचा रिवाज. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. न कळवता जायचं, तिथली माणसं जेवतात तेच जेवायचं, न्हाणीघरापासून औषधाच्या कपाटापर्यंत सगळं पाहायचं आणि चार पानांचा तक्ता भरायचा. सुरक्षिततेत मोठी त्रुटी निघाली तर त्या घरात तीन महिने नवीन माणूस घ्यायचा नाही आणि आत असलेल्यांच्या नातेवाइकांना तसं पत्र जातं. यंदा पुण्याच्या यादीत मावशींचा आश्रम दिसला आणि मी पुणं मागून घेतलं. मावशी तिथे आहेत हे संघात कुणाला सांगितलं नाही. असं पत्र भाचीच्या हातात पडलं तर ती घाबरून मावशींना कुठे हलवेल, हा हिशेब मी बार्शीच्या स्टँडवरच करून ठेवला होता.

पिशवीत शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि घरी कुटलेली शिकेकाई होती. मावशींचे केस दर शनिवारी मीच धूत असे.

गुरुवार, हिंजवडी

जोडीला देवधर सर होते. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, पुण्याचेच, संघात इमारतीची बाजू बघतात. हिंजवडीच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांत आमची रिक्षा तासभर अडकली तेव्हा मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "ट्रॅफिक फारच आहे हो इथे."

"छे, आज विशेष नाही," सर म्हणाले. "आपण आलात म्हणून आवरतं घेतलंय."

पुढचे तीन दिवस मी त्यांच्याशी हवापाण्याचं बोलले नाही.

पहिला आश्रम सात मजली. त्याला आश्रम म्हटलं तर तिथल्या मॅनेजरला वाईट वाटतं. लिफ्टमध्ये आडवी खाट मावते. फरशीवर पाणी ओतलं तरी पाय घसरत नाही, मी चप्पल काढून करून पाहिलं. भिंतीभर धरायला दांडे. बटण दाबलं की खाटेचं डोकं वर येतं. आमच्याकडे कुणाला दम लागला तर आम्ही खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा लावतो. ते बटण मी चार वेळा दाबलं. पाचव्यांदा दाबताना त्या खाटेवरच्या आजोबांनी "आता पुरे करा" अशा अर्थाने हात जोडले. मला हेवा वाटला, आणि तो लपवायला मी तक्त्यात उगीचच बारीक अक्षरात लिहीत राहिले.

मग देवाने माझ्याकडे पाहिलं. प्रत्येक खाटेशेजारी मदतीची घंटा होती, ओढायची दोरी असलेली. आणि बहुतेक खोल्यांत ती दोरी गुंडाळून, छान गाठ मारून, छताजवळ टांगून ठेवली होती. निजलेल्या माणसाने तिथवर हात नेण्यासाठी आधी उभं राहायला हवं, आणि उभं राहता येत असेल तर घंटा कशाला हवी?

"अ‍ॅक्च्युअली ते लोक सारखी ओढतात ना," मॅनेजर म्हणाला. "सो स्टाफ खूप डिस्टर्ब होतो."

"होणारच," देवधर सर म्हणाले. "म्हातारी माणसं आजारी पडली की स्टाफला फार त्रास होतो."

मी ती त्रुटी ठसठशीत अक्षरात लिहिली. खोटं कशाला बोलू, मनात गुदगुल्या झाल्या.

जेवायला आम्ही सोपानतात्या नावाच्या आजोबांच्या टेबलावर बसलो. पांढरं धोतर, टोपी, आणि समोर चिनी मातीच्या वाडग्यात सूप. ही सगळी जमीन मूळची त्यांची. मुलांनी बिल्डरला दिली आणि व्यवहारात तात्यांसाठी एक खोली पदरात पाडून घेतली.

"ह्या हॉलात माझा गोठा हुता," तात्या म्हणाले. "म्हशी हितंच जेवायच्या. आता मी जेवतो."

"कसं असतं जेवण?" मी तक्ता पुढे घेऊन विचारलं.

तात्यांनी सूप ढवळलं. "म्हशीस्नी वैरण ताजी असायची."

सूप खरोखरच कालचं होतं.

गुरुवार, संध्याकाळी, वारजे

माझी राहायची सोय वारज्यात होती आणि मावशींची भाचीही वारज्यातच, म्हणून मी तिच्याकडे गेले. तिला आधी आपल्या बाजूला वळवून घ्यावं असा बेत होता. वारज्यात एकासारखी एक सोसायटी. मी दोन चुकीच्या फाटकांवर नाव सांगून तिसऱ्यावर पोचले. वॉचमनने माझ्या हातातली चटणीची बरणी पाहिली आणि त्याला बहुधा वाईट वाटलं.

"ते मॅडम बेंगळुरूला शिफ्ट झाले की, ताई. गणपतीच्या आधीच. फ्लॅटमध्ये आता दुसरे लोक आहेत."

मी सोसायटीसमोरच्या कट्ट्यावर बसले. आता जानेवारी. दर रविवारी मी मावशींना फोन करते, आणि दर रविवारी विचारते, "भाची येते का भेटायला?" दर रविवारी उत्तर येतं, "येती की. बरी हाय." म्हणजे पाच महिने मावशी माझ्याशी फोनवर खोटं बोलत होत्या. ज्या भाचीसाठी पुण्याला गेल्या ती निघून गेली, तरी त्या तिथेच राहिल्या. बार्शीला केव्हाही परत येता येईल हे त्यांना ठाऊक होतं. मीच दर रविवारी सांगत होते.

माणसाने आपल्याला सोडून नात्यातल्या माणसाकडे जावं हे समजतं, रक्ताची ओढ म्हणता येतं. पण परक्यांकडे? त्या परक्या बाईकडे असं काय होतं? भाची बेंगळुरूत असेल तर पत्र वाचून आणखीच घाबरेल, हाही विचार मला त्याच कट्ट्यावर सुचला. खोलीवर येऊन मी कडक भाकरी पाण्याबरोबर खाल्ली. चटणीची बरणी उघडली नाही. ती मावशींची होती.

शुक्रवार, खडकवासल्याच्या रस्त्याला

खडकवासल्याचं धरण लोक पाहायला जातात, पाण्याकाठी कणीस आणि भजी खातात. आम्ही धरणाच्या अलीकडेच वळलो. बैठं कौलारू घर, पुढे मागे सारवलेलं अंगण, सव्वीस खाटा. लिफ्ट नाही, बटणाची खाट नाही. एका खाटेच्या पायाखाली मला विटा दिसल्या, अगदी आमच्यासारख्या.

इथे माझं पित्त खवळलं. हिंजवडीच्या यंत्रांचा हेवा एकवेळ पचतो. आपल्याच सारख्या घराचा पचत नाही.

दारात फरीदाताई उभ्या होत्या. तिथल्या व्यवस्थापक, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. "चपला इथे काढा. हात तिथे धुवा. रजिस्टरं टेबलावर आहेत. माणसं आत आहेत, काय विचारायचं ते त्यांना विचारा. मी मध्ये बोलणार नाही."

एवढं स्वच्छ बोलणं ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमचं मराठी फार छान आहे हो."

"तुमचंही बरं आहे," फरीदाताई म्हणाल्या. देवधर सरांनी समाधानाने चष्मा पुसला. फरीदाताईंच्या घराण्याचं पुस्तकं बांधायचं दुकान पणजोबांपासून पुण्यात आहे, हे मला नंतर कळलं.

मावशी सापडल्या त्या स्वयंपाकघरात. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लाकडी फळी लावलेली आहे. गॅस, सुरी, गरम तेल, म्हणून म्हाताऱ्या माणसांना आत मज्जाव. इथे मावशी खुर्चीवर बसून परातीतलं पीठ चिमटीत धरून चोळत होत्या, आणि दोन पोळीवाल्या बायका उभ्या राहून निकालाची वाट पाहत होत्या.

"जाडं हाय. परत धाडा. सांगा त्येला, सिंधूबाईनं परत धाडलंय म्हणून," मावशी म्हणाल्या, आणि मग वर पाहिलं. "अगं वंदना! कधी आलीस? आन ही फाईल कशाला?"

मला त्यांना मिठी मारायची होती. मी म्हटलं, "तपासणीला आलेय."

त्या हसल्या. तोंडावर तजेला होता, एक दात कमी झालेला होता, आणि माझ्याकडे असताना त्या कधी अशा कुणाला हुकूम सोडत नव्हत्या. सकाळी उठायच्या, मी सांगेन तिथे बसायच्या, सगळ्यांत गुणी म्हातारी म्हणून मी पाहुण्यांना त्यांनाच दाखवायचे.

जेवायला ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याच्या शिरांची चटणी. ज्यांना दात नाहीत त्यांना भाकरी आमटीत कुस्करून, पण ताट तेच. भाकरी फुगलेली, पापुद्रा सुटलेला. पुण्यात अशी भाकरी मिळू नये अशी माझी प्रामाणिक इच्छा होती. मी मावशींच्या शेजारी बसले आणि हळूच म्हटलं, "भाची बेंगळुरूला गेली."

त्यांचा घास थांबला. "कळलं व्हय तुला."

"मग इथं कशासाठी राहिलात?"

"जेव. भाकरी गार हुती."

"मावशी, सात नंबरची खाट—"

"जेव म्हणलं ना," त्या म्हणाल्या. मी चटणीची बरणी पुढे केली. त्यांनी ती घेतली, उघडून वास घेतला, पदराखाली ठेवली. माझं काही घ्यायचं नाही असं नव्हतं तर. फक्त मी नको होते.

जेवण झाल्यावर मी न्हाणीघरं पाहायला गेले, आणि तिथे मला हवं ते मिळालं. प्रत्येक दाराला आतून कडी.

कडीची गोष्ट सांगायला हवी. आमचा आश्रम नवा होता तेव्हा चंद्रभागाआजी न्हाणीत पडल्या. आतून कडी. त्या आतून कण्हत होत्या आणि आम्ही पहारीनं दार फोडत होतो. जगल्या, पण खुब्याचं हाड गेलं ते गेलंच, पुन्हा चालल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पेचकस घेऊन घरातली प्रत्येक आतली कडी काढली. तेव्हापासून आमच्याकडे दार लोटलेलं असतं आणि अंघोळीला प्रत्येकीबरोबर एक बाई आत असते. त्यानंतर आमच्याकडे न्हाणीत कुणी पडलेलं नाही. या गोष्टीचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा दुसऱ्या कशाचा नाही.

मी तक्त्यात लाल पेनाने लिहिलं, "स्नानगृहास आतून कडी. गंभीर धोका." खाली दोन रेघा ओढल्या. पत्र, बेंगळुरू, भाची, बार्शीची गाडी, सगळं त्या दोन रेघांत होतं.

देवधर सरांनी वाचलं. "कडी बाहेरून उघडते का, पाहिलंत?"

"आतून कडी आहे ना पण."

"तेच विचारतोय. पाहिलंत का?"

"नाही."

"मग लाल शाई कशावरून?"

फरीदाताईंनी मध्ये बोलणार नाही म्हटलं होतं आणि त्या खरंच काही बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी न्हाणीचं दार उघडून धरलं. दार बाहेरच्या बाजूला उघडत होतं. आत माणूस पडलं तरी दार अडणार नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. "आत जा, कडी लावा आणि बोलत राहा," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही. इथे तेवढा एकच नियम आहे. कडी लावायची ती लावा, पण अंघोळ होईपर्यंत बोलत राहायचं. बाहेर स्टुलावर एकजण असते. आवाज थांबला की ती वीस मोजते, मग उघडते."

मी आत गेले, कडी लावली. ओल्या फरशीवर उभी राहिले. समोर बादली, तांब्या, साबण, आणि धरायचा एक दांडा. बोला म्हटल्यावर मला काही म्हणजे काही सुचेना. चौदा वर्षं मी बावीस बायकांना सकाळपासून सूचना देते आहे, आणि बंद दाराआड माझ्याजवळ बोलायला एक वाक्य नव्हतं. मी तशीच उभी राहिले. मग बाहेर काहीतरी खुट्टं वाजलं, कडी आपोआप सरकली आणि दार उघडलं. फरीदाताईंच्या हातात दोन रुपयांचं नाणं होतं. कडीच्या बाहेरच्या बाजूला एक चकती, तिला खाच. खाचेत नाणं घालून फिरवलं की आतली कडी सरकते.

"वीस झाले," त्या म्हणाल्या. "बाकीच्या बोलतात हो. कुणी अभंग म्हणतं, कुणी सुनेची गाऱ्हाणी सांगतं. सिंधूताई पाढे म्हणतात."

"पाढे?"

"सवायकी, सव्वाचे पाढे. तुम्हाला माहीत असेलच, अकरा वर्षं तुमच्याकडे होत्या."

मला माहीत नव्हतं. आणि मावशी माझ्याकडे होत्या हे देवधर सरांना आत्ता कळलं. त्यांनी लाल शाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सही उद्या करू," ते म्हणाले. "सकाळी अंघोळीची वेळ पाहून. आपणच या, मी बाहेर थांबेन."

त्या रात्री मला झोप बरी लागली नाही. लाज वाटत होती, पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा मत्सर जास्त होता. कडी माझ्याकडेही होती. मी ती काढली. त्या बाईने तिला एक खाच पाडली.

शनिवार, सकाळी

थंडी चांगलीच होती. अंगणात बंब पेटलेला, धूर धरणाच्या दिशेने चाललेला. फरीदाताईंनी न्हाणीबाहेरचं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि नाणं माझ्या हातात ठेवलं. "बसा. मला नाश्त्याचं पाहायचंय." त्या खरंच गेल्या. मी त्यांच्या जागी असते तर माझ्यासारख्या बाईच्या हातात ते नाणं दिलं नसतं.

मावशी टॉवेल घेऊन आल्या. मी पिशवीतून शिकेकाईची पुडी काढली.

"आण," म्हणून त्यांनी ती घेतली. त्या आत गेल्या आणि त्यांच्यामागे मीही निघाले. अकरा वर्षांची सवय. पाय आपोआप निघाले.

"तू कुठं?" मावशींनी विचारलं. मग कडी लागली.

पाण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांचा. "एक सव्वा सव्वा. बे सव्वे अडीच. वंदना, हायस का?"

"आहे."

"तीन सव्वे पावणेचार. गिरणीत सगळं ह्याच्यावर चालायचं. चार सव्वे पाच. भाचीचं खोटं बोलले मी तुला."

"का बोललात?"

तांब्या बादलीला वाजला. "दर शनिवारी तू मला न्हायला घातलंस. पोटच्या पोरीनं घालू न्हाई आसं घातलंस. आन दर शुक्रवारी सांजच्यालाच मला शनवार नकोसा व्हायचा."

नाणं मी या हातातून त्या हातात घेतलं.

"जन्मभर गिरणीत उभी ऱ्हायले. मानंपातुर पीठ. समद्या गावाची माणसं दारात. घरला आलं की न्हाणीचं दार लावून घ्यायची, तेवढा येळ माझा. सासूला न्हाई, नवऱ्याला बी न्हाई. म्हातारपणी अंग थकतं गं, लाज थकत न्हाई. तुला कसं सांगायचं? तू एवढं जीव लावून डोकं चोळायचीस. तुझी शिकेकाई डोळ्यांत जायाची, म्हणून बरं हुतं. रडलं तरी कळायचं न्हाई."

मग आवाज थांबला.

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. आतून पाण्याचाही आवाज नाही. मला चंद्रभागाआजींचं कण्हणं ऐकू यायला लागलं. पाच, सहा. फरीदाताई वीस म्हणाल्या होत्या. वीस म्हणजे फार होतात हो, तुम्ही कधी बंद दाराबाहेर बसून मोजून पाहा. नऊला माझ्या हातातलं नाणं खाचेत गेलं होतं.

"नाणं काढ," आतून मावशी म्हणाल्या. "आत ऐकू येतं ते. केसाला लावत हुते, तोंडावर ओघळ आला म्हणून गप बसले."

मी नाणं काढलं.

"पाच सव्वे सव्वासहा," मावशी म्हणाल्या. "सा सव्वे साडेसात."

सवायकी दहापर्यंत दोनदा झाली तेव्हा कडी सरकली. मावशी बाहेर आल्या, लुगडं नीट, केस सोडलेले. डाव्या कानामागे शिकेकाईचा चोथा तसाच राहिलेला होता. माझा हात उठला. तेवढ्यात नाश्त्याची परात घेऊन फरीदाताई आल्या. त्यांनाही तो चोथा दिसला. त्या मला हळू आवाजात म्हणाल्या, "राहू द्या. दुपारी केस विंचरताना त्यांच्या लक्षात येतं."

मी हात खाली घेतला. पुण्यातल्या तीन दिवसांत मी केलेलं सगळ्यांत अवघड काम ते.

उन्हात बसून मावशी केस वाळवत होत्या. मी शेवटचं विचारलं. विचारलं नसतं तर बार्शीत गेल्यावर स्वतःलाच तोंड दाखवता आलं नसतं. "आपल्याकडे कडी लावली तर याल?"

त्यांनी विचार केला, निदान तसं दाखवलं. "न्हाई गं. हितं मी पीठ परत धाडते." मग म्हणाल्या, "सात नंबरला कोण हाय आता?"

"कोणी नाही. तुमची म्हणून ठेवलीय."

"वरीसभर?"

"हो."

"आन यादीत किती जणी हायत?"

"चार."

मावशी माझ्याकडे वळल्या. "चार म्हाताऱ्या ताटकळत ठेवल्यास माझ्यापायी?" त्यांनी केस झटकले. "तपासणी तुझ्या घरची कराया पायजे."

फाटकाबाहेर देवधर सर उभे होते. मी तक्त्यातली लाल ओळ खोडली आणि वर लिहिलं, "आतून कडी, बाहेरून उघडते. पद्धत समाधानकारक." समाधानकारक हा शब्द लिहिताना पेन दोनदा अडलं. मग मी खाली आणखी एक ओळ घातली: स्वयंपाकघरातल्या आग विझवायच्या नळकांड्याची मुदत संपलेली आहे. ती खरोखर संपलेली होती, मी तिन्ही बाजूंनी वाचून खात्री केली होती. तेवढं सुख मी माझ्यासाठी राखून ठेवलं. सरांनी वाचलं, सही केली आणि म्हणाले, "बारीक नजर आहे आपली."

बार्शी

आल्यावर दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावलं. न्हाणीघरांची दारं बाहेर उघडणारी करून घेतली, खाचेच्या कड्या सोलापुराहून मागवल्या, तीन स्टुलं आणली. पहिल्या आठवड्यात कुणी कडी लावेना. त्यांना वाटलं हा माझा काहीतरी नवा नियम आहे आणि चुकलं तर मी ओरडेन. मग रखमाआजींनी लावली. बोलत राहायचं एवढंच बंधन आहे म्हटल्यावर त्यांनी आतून मला नावानिशी शिव्या द्यायला सुरुवात केली, आणि अंघोळ होईपर्यंत एकही शिवी पुन्हा आली नाही. आता त्या वेळेला बाकीच्याजणी अंगणात खुर्च्या घेऊन बसतात.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याची फळी अजून काढलेली नाही. एकेक होईल.

रविवारी फोन करते. मावशी फरीदाताईंचं कौतुक सांगतात, मी ऐकते आणि नखं खाते. पुढच्या महिन्यात उलट तपासणीला फरीदाताईच बार्शीला येणार आहेत; हे कळवायचं नसतं, पण मावशींनी फोनवर सांगून टाकलं. आमची आग विझवायची नळकांडी मी तीनदा तपासली आहेत. त्यांनी आमच्याकडे काहीतरी पाहावं आणि पुण्याला परत जाताना त्यांना रस्ताभर झोंबावं, अशी माझी फार इच्छा आहे. काय दाखवावं ते अजून ठरलेलं नाही.

सात नंबरची खाट यादीतल्या पहिल्या नावाला दिली. वैरागच्या शांताबाई, ऐंशीच्या पुढच्या. मुलगा पिशवी ठेवून गेला तेव्हा त्या रडल्या नाहीत की बोलल्या नाहीत. मी खाट दाखवली, कपाट दाखवलं, न्हाणी दाखवली. न्हाणीच्या दारात त्या थांबल्या. कडी पाहिली. लावली, उघडली, पुन्हा लावली, पुन्हा उघडली. मग मला बाहेर ठेवून आत गेल्या आणि कडी लावली.

बोलत राहायचं, हे मी सांगितलं होतं. आतून काही आवाज येईना. मी स्टुलावर बसले, नाणं मुठीत होतं. मी मोजायला लागले. नऊ झाले, बारा झाले. मूठ मी मांडीखाली दाबून धरली. सोळा. सतरा. एकोणीसला आतून विचारणा झाली, "भायेर कोन हाय?"

"मी आहे, वंदना."

"बस मग," शांताबाई म्हणाल्या, आणि बादलीत पाणी पडायला लागलं.